चार्ज कोणाला दिला?

मित्रांनो, वाचनालयाच्या मागच्या भिंतीला जे लोखंडी कपाट आहे, त्याच्या खालून दुसऱ्या कप्प्यात जरा वाकून पाहा. सगळी पुस्तके अंग चोरून रांगेत उभी आहेत. त्यांच्यात एकच पुस्तक पोट पुढे काढून उभे आहे. त्याच्या कडा वरखाली आहेत आणि त्याच्यामुळे कपाटाचे दार नीट लागत नाही. ती मी. मी एक जुनी कादंबरी आहे.

माझे नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितले की तुम्ही लगेच मागायला धावाल, आणि ग्रंथपालबाई चष्म्यावरून पाहत म्हणतील, "अजून चार वर्षं थांबा." त्यांचे काही चुकत नाही. माझ्यात जग संपते, आणि तेही चांगले सविस्तर.

ते कसे संपते हे थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. माझ्या गोष्टीत आधी पाऊस थांबतो, मग एक साथ येते, मग माणसे कामावर यायची थांबतात. एका शहराच्या पंपघरात एकच माणूस उरतो. तिसऱ्या पानावर तो चालू पंप तसाच सोडतो, किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवतो आणि घरी निघून जातो, कारण घरी त्याची चार वर्षांची मुलगी एकटी असते. पाचव्या पानावर तो तिला उचलून छातीशी धरतो. सहाव्या पानापासून शहराचे नळ कोरडे पडतात. त्यापुढची तीनशे पाने ती मुलगी पत्र्याची बाटली घेऊन ओसाड रस्त्यांवरून पाणी शोधत फिरते. वडीलही मध्येच जातात. शेवटच्या पानावर, बारा वर्षांची झालेली ती मुलगी फिरून त्याच पंपघराशी येते. किल्ल्या अजून खिळ्यालाच असतात. आत एक जुने डिझेल इंजिन असते. ती त्याच्या हँडलला हात घालते, आणि तिथे मी संपते. पाणी आले की नाही, हे माझ्या लेखकाने लिहिलेले नाही. मला तर संशय आहे की त्यालाच ते ठाऊक नव्हते.

माझा जन्म छापखान्यातला. मोठमोठे कागद यंत्रातून बाहेर पडत होते, चार बायका ओळीने बसून त्यांच्या घड्या घालत होत्या आणि माझ्यात जग संपत आहे याची दखलही न घेता आपापल्या सासवांबद्दल बोलत होत्या. त्या गप्पांच्या नादात माझे एकशे चौदावे पान कोपऱ्यात दुमडले गेले. तो कान आजही आहे. मग मला शिवले, डिंक लावला, वर काळ्या आभाळाखाली एकटी बाटली असलेले मुखपृष्ठ चढवले. खरे सांगते, त्या दिवशी मी फार देखणी दिसत होते.

वाचनालयात माझा गठ्ठा सोडला तो ग्रंथपालबाईंनीच. तेव्हा त्या नुकत्याच कामाला लागल्या होत्या आणि अंबाड्यात लाल पेन खोचायची त्यांना सवय होती. गठ्ठ्याची सुतळी हातात तशीच धरून त्यांनी मला उभ्या उभ्या उघडले. तिसऱ्या पानावर त्या स्टुलावर बसल्या. पाचव्या पानावर त्यांच्या डोळ्यांतून एक थेंब टपकन माझ्यावर पडला. कोऱ्या पुस्तकाला पहिल्याच दिवशी डाग लागला म्हणून मी मनातून चिडले. ते पाणी कशाचे होते, हे तेव्हा मला काय माहीत!

त्यानंतर मात्र माझे दिवस फिरले. जो येईल त्याच्या हातात बाई मला ठेवत आणि म्हणत, "हे वाचा. माणसानं नोकरी सोडावी आणि मुलीकडे जावं, असं लिहिणारा कोणीतरी निघाला." माझ्यासाठी नंबर लागू लागले. एका शिंप्याने मला वाचून घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली, आणि बायकोचा ओरडा खाल्ला. एका शिक्षिकेने मला अर्ध्यातूनच परत आणले. "लिहिलंय छान हो, पण घरी गेल्यावर मुलांकडे बघवत नाही," असे त्या म्हणाल्या आणि चार दिवसांनी उरलेले अर्धे वाचायला पुन्हा घेऊन गेल्या. माझ्याबद्दल लोकांचे असेच होते. कोणी धड प्रेम करत नसे आणि कोणी धड सोडतही नसे. माझ्या मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांना जागा उरली नाही, तेव्हा बाईंनी दुसरा कागद चिकटवला.

मग असे एक वर्ष आले की बाहेरच सगळे बंद पडले. दुकाने बंद, रस्ते ओस, माणसे तोंडे झाकून फिरत होती. वाचनालय उघडल्यावर लोक आले, पण माझ्याकडे बोट दाखवून म्हणू लागले, "ते नको, बघितलं सगळं. काहीतरी हसायचं द्या." एकेक कप्पा खाली सरकत मी मागच्या कपाटात पोहोचले. कसर लागली. पाठीचा डिंक सुटला. दोन वर्षांत मला कोणी हात लावला असेल, तर तो झुरळ मारण्यासाठी.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळे सांगायला बसले, ते येतात. ते म्हणजे ग्रंथपालबाईंचे बाबा. त्यांची सगळी नोकरी शहराच्या पंपघरात गेली. निवृत्त झाल्यावर ते रोज बरोबर दहा वाजता वाचनालयात येऊ लागले, आणि ते आले की बाई भिंतीवरचे घड्याळ लावून घेत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता, त्यामुळे पान उलटताना ते दुसऱ्या हाताची मदत घेत. बाप-लेकीत बोलणे म्हणावे तर "पंखा लावू का?" आणि "नको" एवढेच. बाई दोन गल्ल्या पलीकडे सासरी राहत. तिथून बाबांना डबा रोज जायचा, बोलणे मात्र जात नव्हते.

असे का, ते मला नंतर समजले. पण तुमचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगते. पंपघरात एक नियम असतो. पुढच्या पाळीचा माणूस येऊन नोंदवहीत 'चार्ज घेतला' असे लिहून सही करत नाही, तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही. आधीचा माणूस वेळ टाकतो, 'चार्ज दिला' असे लिहितो, सही करतो, आणि मगच डबा उचलतो. बाई अकरा वर्षांच्या असताना नदीला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला. पुढच्या पाळीचा माणूस पलीकडच्या काठावर अडकला. बाबा पंपघरात एकतीस तास एकटे राहिले. त्याच एकतीस तासांत इकडे दवाखान्यात बाईंची आई गेली. खाटेशी अकरा वर्षांच्या बाईच होत्या. बाबा आले तेव्हा त्यांच्या बुटांतून पाणी गळत होते आणि हाताला फडके गुंडाळलेले होते. बाईंनी विचारले, "का नाही आलात?" बाबा म्हणाले, "चार्ज घ्यायला कोणी नव्हतं." हे एकच वाक्य बाईंच्या मनात रुतून बसले, ते बसलेच.

एके दिवशी बाबांचे वर्तमानपत्र लवकर वाचून झाले. ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुझ्या आवडीचं एखादं दे." बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, तडक मागच्या कपाटाशी आल्या आणि मला बाहेर ओढले. माझ्यावरची धूळसुद्धा त्यांनी पुसली नाही. "हे घ्या. नीट वाचा," असे म्हणून त्यांनी तारखेचा शिक्का इतक्या जोरात मारला की माझी सुटलेली पाठ आणखी सुटली. मित्रांनो, पुस्तक देणे आणि पुस्तक मारणे यांतला फरक पुस्तकाला कळतो.

बाबांनी घरी नेऊन आधी मला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. कडा अशा नेमक्या दुमडल्या की मला नव्याने शाळेत निघाल्यासारखे वाटले. मग दुपारचे जेवण झाल्यावर, शर्टाच्या खिशातली पेन्सिल हातात घेऊन त्यांनी मला उघडले. माणूस पस्तीस वर्षे दर तासाला नोंदवही भरत असेल, तर समोर कागद आला की त्याचा हात आपोआप चालतो. तिसरे पान वाचून झाले आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. समासात त्यांनी लिहिले: '१५:४०. पंप चालू ठेवून जागा सोडली. चार्ज कोणाला दिला?' आणि खाली झोकात सही ठोकली! पेन्सिल अशी दाबली होती की अक्षरे मागच्या बाजूने हाताला लागत.

पाचव्या पानाशी ते फार वेळ थांबले. तिथेही त्यांनी दोन शब्द लिहिले. ते कोणते, ते इतक्यात सांगत नाही. मग मला मिटून त्यांनी फ्रीजवर ठेवले आणि दोन दिवस माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी खुर्चीवर चढून त्यांनी मला पुन्हा खाली काढले.

तेव्हापासून आमचे भांडण रोज रंगू लागले. एक्केचाळिसाव्या पानावर नोंद पडली: '१४:५५. शहराच्या टाकीला झाकण नाही? अशक्य. लिहिणाऱ्याने टाकी बघितलेली नाही.' अठ्ठ्याऐंशीवर: '१५:१०. बरोबर. तहान लागली की जीभ अशीच होते.' त्या दुमडलेल्या एकशे चौदाव्या पानावर मुलगी आपले शेवटचे पाणी एका लंगड्या कुत्र्याला पाजते. तिथे 'चूक' असे लिहून सही झाली, आणि दुसऱ्या दिवशी खाली भर पडली, 'पण मीही पाजलं असतं.' पुढे विहिरीवर माणसे एकमेकांचे गळे धरतात, त्या पानावर ते खरेच रागावले. '१६:२०. सगळी माणसं इतकी वाईट नसतात. पुरात कोणीतरी दोर टाकतंच.' असे लिहून त्यांनी चष्मा काढून ठेवला. माझ्या लेखकाला हे ऐकवायला हवे होते, असे मला वाटले. मी काळ्या आभाळाची कादंबरी असले, तरी मलासुद्धा कोणीतरी खोटे पाडावे अशी इच्छा होती.

शेवटच्या पानावर मुलगी हँडलला हात घालते. बाबा ताठ बसले. मग वाकून, समास संपला तर खालच्या कोऱ्या जागेत, ते लिहीतच राहिले. लिहून झाल्यावर मागचा कागद त्यांच्या नजरेस पडला. त्यावर वाचनालयाचा गोल शिक्का होता, आणि खाली त्यांच्या लेकीच्याच अक्षरात लिहिलेली सूचना होती: पुस्तकावर काहीही लिहू नये. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी खोडरबर शोधले, तिसऱ्या पानावर जरा घासून पाहिले. पण दाबून लिहिलेले थोडेच जाणार! हात टेकून त्यांनी कव्हर पुन्हा नीट केले आणि मला पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलावर पालथे ठेवले.

"कसं वाटलं?" बाईंनी वर न पाहता विचारले.

"लिहिणाऱ्याला पंपातलं काही कळत नाही."

"बस, एवढंच?"

बाबा जरा घुटमळले. "मुलगी चांगली आहे."

"कुठली?"

"पुस्तकातली," असे म्हणून ते खिडकीशी गेले आणि वर्तमानपत्राआड बसले.

बाईंचे ओठ घट्ट मिटले. इतकी वर्षे थांबून त्यांनी तिसरे पान बाबांच्या हातात दिले होते, आणि उत्तर आले ते पंपाबद्दल! त्यांनी मला उचलले आणि बाइंडरच्या गठ्ठ्यावर टाकले.

आमचा बाइंडर महिन्यातून एकदा येतो. सुटलेली पुस्तके नेतो, शिवतो, आणि मग कटिंग मशीनखाली धरून तिन्ही बाजूंनी कडा कापतो. पुस्तक सरळ होते, पण समास जातो. माझा सगळा समास आता बाबांचा होता. त्याआधी आणखी एक संकट होते. बाइंडिंगला देण्यापूर्वी पेन्सिलच्या खुणा खोडायच्या, हा बाईंचा स्वतःचाच नियम. थोड्या वेळाने त्या खोडरबर घेऊन बसल्या, एकेक पुस्तक साफ करत माझ्यापर्यंत आल्या. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

त्यांनी कव्हर काढले, तिसरे पान उघडले, आणि ते अक्षर ओळखले. "चार्ज कोणाला दिला म्हणे!" त्या पुटपुटल्या. अंबाड्यातले लाल पेन त्यांनी ओढून काढले आणि पुस्तकावर लिहू नये असे सगळ्यांना बजावणाऱ्या आमच्या बाईंनी त्या प्रश्नाखाली ठसठशीत लिहिले: 'कोणालाच नाही. घरी मुलगी होती!' मग खोडरबर घट्ट धरून त्यांनी पान उलटले.

पाचव्या पानावर माणूस मुलीला छातीशी धरतो. त्याच्या शेजारी, जुन्या थेंबाच्या डागाला लागून, पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले होते. वेळ टाकलेली नव्हती. सही नव्हती. अक्षर इतके फिकट होते की एका फटकाऱ्यात गेले असते.

'बरं केलंस.'

बाईंचा हात हवेतच राहिला. खोडरबर खाली ठेवून त्या वाचू लागल्या. गोष्ट नव्हे, समास. टाकीचे झाकण वाचले, तहान वाचली, कुत्र्यापाशी त्यांना हसू आले आणि दोराच्या नोंदीपाशी त्यांनी नाक पुसले. असे करत त्या शेवटच्या पानावर आल्या. तिथे बाबांनी लिहिले होते:

'हे डिझेल आठ वर्षांचं आहे, चालणार नाही. तरी चालेल असं धरू. पोरी, आधी बादलीने पंपात पाणी भर, आतली हवा जाऊ दे. मग हँडल मार. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, पलीकडून गुंडाळू नकोस. इंजिन उलटा झटका देतं आणि अंगठा मोडतो. मी एकदाच चुकलो. त्या दिवशी वीज गेली होती आणि मला घरी जायची घाई होती.'

बाईंनी मान वर केली. खिडकीशी बाबा वर्तमानपत्र वाचत होते. पानाच्या कडेवर तो वाकडा अंगठा दिसत होता. बाईंनी तो वर्षानुवर्षे पाहिला होता, त्याच हातात कित्येकदा डबा दिला होता. तो कधी मोडला, हे त्यांनी विचारले नव्हते आणि बाबांनी सांगितले नव्हते.

नेमका तेव्हाच बाइंडर आला. "ताई, हीपण गठ्ठ्यात टाकू ना? कडेने दोन सूत कापलं की एकदम सरळ होईल."

"शिवून द्या. पण हिच्या कडा कापायच्या नाहीत."

"अहो, मग वेडीवाकडी दिसेल."

"दिसू दे."

"कपाटात नीट बसणार नाही, मग मला बोल लावू नका."

"नाही लावणार," बाई म्हणाल्या. "आणि उद्या न्या. आज मला ती हवी आहे."

बाइंडर कपाळाला आठ्या घालून गेला. बाई मला घेऊन खिडकीशी गेल्या आणि बाबांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. ती खुर्ची मी पहिल्यांदाच भरलेली पाहिली.

"बाबा, पुस्तकावर लिहायचं नसतं."

"चुकलं," बाबा म्हणाले. "हाताला सवय आहे."

"एक महिना घरी पुस्तक मिळणार नाही. नियम आहे."

"बरं."

"इथे बसून वाचावं लागेल. माझ्या टेबलाशी."

बाबांनी मान हलवली. नियम म्हटल्यावर त्यांना पुढे काही बोलायचेच नसते. बाईंनी शेवटचे पान उघडून त्यांच्यासमोर धरले.

"अंगठा त्या दिवशी मोडला?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तू विचारलंस, का नाही आलात. अंगठ्याचं कुठे विचारलंस? आणि त्या दिवशी तुझ्यापुढे अंगठ्याचं काय सांगायचं होतं."

"मी अकरा वर्षांची होते, बाबा. एकटी होते तिथे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मला रोज माहीत असतं."

बाईंनी मला मांडीवर ठेवले आणि बाबांचा तो हात हातात घेतला. एक सभासद पुस्तक बदलायला येऊन टेबलाशी उभा राहिला, खाकरला, आणि मग शहाण्यासारखा जाहिराती वाचत बसला.

तो महिना बाबा टेबलाशी बसले. महिना संपला तरी तिथेच बसतात. अलीकडे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी गर्दी नसली की बाई त्यांना वाचून दाखवतात. दरवर्षी एकदा माझी पाळी येते. तिसऱ्या पानावरून त्यांचे आजही जमत नाही. बाबा म्हणतात, "जागा सोडायची नाही म्हणजे नाही." बाई म्हणतात, "सोडायला हवी होती." दोघेही आवाज चढवतात, मग भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी पाहून गप्प होतात. मग पाचवे पान येते, आणि ते मात्र दोघे हळू वाचतात.

गेल्या वेळी मी वाचून संपले तेव्हा बाबांनी खिशातली पेन्सिल काढली आणि बाईंकडे पाहिले. बाईंनी मागच्या कागदावरच्या सूचनेकडे पाहिले, ती न दिसल्यासारखे केले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाबांनी माझ्या अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर चाचपडत लिहिले: '१६:४५. चार्ज दिला.' खाली सही. बाईंनी ते वाचले, चष्मा पुसला, अंबाड्यातले पेन काढले आणि शेजारी लिहिले: 'घेतला.' तिथेही सही आहे. माझ्या लेखकाने केलेल्या शेवटापेक्षा मला हा जास्त आवडतो.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझी पाने पिवळी पडली आहेत आणि कपाटाचे दार मला रोज ढुशी देते. जाता जाता तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. पुस्तके ओल्या हातांनी धरू नका, त्यांचे कान दुमडू नका, आणि त्यांच्यावर लिहू तर मुळीच नका. पण कोणी आधीच लिहून ठेवले असेल, तर खोडण्यापूर्वी एकदा वाचा. तुमच्या घरात जो माणूस फार बोलत नाही, त्याने कुठेतरी समासात लिहिलेले असते.

आणि कधी खरेच जग बंद पडले आणि इंजिनाचे हँडल तुमच्या हाती आले, तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा.